काहीच न सापडण्याचं उदाहरण

सध्या कोणत्या ऑनलाइन ग्रुपमध्ये गर्दी उसळलीय, हे एआय एजंटांना, म्हणजे माणसांची कामं परस्पर करणाऱ्या प्रोग्रॅमना, शोधून देणारं एक टूल आमच्या कंपनीने बनवलंय. ते कसं वापरायचं, हे लिहिण्याचं काम माझं.

शेवटचं पान उरलं होतं. काहीच सापडलं नाही, तर टूल काय उत्तर देतं? त्यासाठी ज्याचा ग्रुप जगात कुठेच नसेल असा शब्द हवा होता. मी जे जे टाकलं, त्याचे ग्रुप निघाले. लोकांना उद्योग नाहीत!

वैतागून मी 'चिमटुंगी' टाकलं. लपाछपीत दडून बसलेला दादा मला या नावाने हाका मारायचा. हे नाव आम्हा दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दादा जाऊन बरीच वर्षं झाली.

एक ग्रुप सापडला. हजारो सदस्य, आणि सारखे वाढतच होते.

"अगं, नेटवर काय वाट्टेल ते असतं," शेजारी बसणारी टेस्टर म्हणाली. "दुसरा शब्द घे आणि मोकळी हो."

मी ग्रुप उघडला. कुणाचं नाव नाही, फोटो नाही. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: 'अजून आली नाही.'

मी बघत असतानाच खाली नवी ओळ उमटली: 'श्श! आली. कुणी हलू नका.'

मी घाईघाईने तोच शब्द पुन्हा टाकला. टूलने उत्तर दिलं: काहीही सापडलं नाही.

"मिळालं ना उदाहरण?" टेस्टरने विचारलं.

मी स्क्रीनवरच्या 'काहीही सापडलं नाही'कडे पुन्हा पाहिलं. दादाही असाच एकदम गप्प व्हायचा. मी त्याच्या अगदी जवळ पोचले, की.