एका यार्डाचं भांडण

सकाळी बरोबर साडेआठला अवधूतच्या लॅपटॉपवर सिद्धार्थचा चेहरा आला. चेहरा म्हणजे तोंडातली नळी, ती गालाला धरून ठेवणारी पट्टी आणि मिटलेले डोळे. बाजूच्या छोट्या चौकोनात नीलिमा होती, सिद्धार्थची बायको. ती अमेरिकेत, कोलंबसला, आपल्या घरी. नवरा तिथून चार मैलांवरच्या हॉस्पिटलात. अवधूत ॲडलेडला, मॉसन लेक्समधल्या घरी, जेवणाच्या टेबलापाशी. ऑस्ट्रेलियाबाहेर पडायलाही कोरोनाच्या त्या वर्षी परवानगी लागत होती, आणि त्याची नाकारली गेली होती. मित्र हे कारण फॉर्मवर कुठेच बसत नव्हतं.

"पंधरा मिनिटं," टॅब्लेट धरून उभी असलेली नर्स म्हणाली. तिचं नाव वेंडी. दोन मास्कमागून तिचा आवाज गोधडीतून आल्यासारखा येत होता.

ही पंधरा मिनिटं रोज नीलिमाची असत. काल तिने आपण होऊन ती अवधूतला दिली. "नऊ दिवस मी बोलतेय," ती म्हणाली होती. "स्तोत्रं म्हटली, मुलींचे आवाज ऐकवले. तो हलत नाही. वेंडी म्हणते, ऐकू येतही असेल. उद्या तू बोल. तुमचं ते फुटबॉलचं."

डॉक्टर काय म्हणाले, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

पुण्याच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले हे दोघं. पुढे शिकायला सिद्धार्थ कोलंबसच्या ओहायो स्टेटला गेला आणि अवधूत ॲन आर्बरच्या मिशिगनला. दोन्ही विद्यापीठं एकाच कॉन्फरन्समधली, म्हणजे एकाच साखळीत खेळणारी, आणि एकमेकांची हाडवैरी. वर्षातून एक मॅच, अमेरिकन फुटबॉलची. त्यावरून बारा वर्षं दोघं भांडत आले होते. अवधूत ॲडलेडला आला तरी थांबले नव्हते. त्या एका रविवारी तो पहाटेच उठून टीव्हीपुढे बसायचा, आणि शेवटची शिट्टी वाजायच्या आत सिद्धार्थचा फोन यायचा.

यंदाची मॅच येत्या शनिवारी होती. शंभर वर्षं खंड न पडलेली मॅच. ती रद्द झाल्याची बातमी अवधूतने तासाभरापूर्वीच वाचली होती. मिशिगनच्या टीममध्ये साथ शिरली होती.

खिडकीबाहेर शाळेची मुलं दप्तरं घेऊन चालली होती. ॲडलेडात साथ जवळपास नव्हतीच; कुणाच्या तोंडाला मास्क नव्हता. नीलिमाला ते दिसत असेल, असं वाटून त्याने उठून पडदा ओढला.

"सिद्ध्या," तो म्हणाला. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "सिद्ध्या, मी अव्या."

व्हेंटिलेटरच्या पंपाचा आवाज येत राहिला. छाती वर, छाती खाली.

"तुला एक सांगायचंय. ती दोन हजार सोळाची मॅच. तू तिकिटं काढून मला कोलंबसला नेलं होतंस, तुमच्या लोकांत बसवलं होतंस. शेवटी तुम्हाला चेंडू फक्त एक यार्ड पुढे न्यायचा होता. मी आजवर म्हणत आलो की तुमचा गडी रेषेपर्यंत पोचलाच नव्हता, पंचांनी ढापलं. तर..." त्याने डोळे पुसले. "तसं नव्हतं रे. मला तिथून दिसलं होतं. तो..."

स्क्रीनवर मेसेज उमटला. नीलिमाचा.

"असं गोड नको बोलूस. त्याला कळेल."

अवधूतने तो दोनदा वाचला. छोट्या चौकोनात नीलिमा खाली बघत होती.

तो खुर्चीत ताठ झाला.

"तो पोचलाच नव्हता," तो म्हणाला. "हातभर कमी पडला. लाखभर लोक ओरडले म्हणून पंच घाबरला, झालं. तुमच्या स्टेडियमला घोड्याच्या नालेचा आकार आहे ना? नशिबावरच चालतं तुमचं. ॲन आर्बरला ये एकदा. मी तिकीट काढतो. आमच्यात बसवतो तुला, तुमच्या टीमचा तो भिकार लाल शर्ट घालून. आणि शनिवारी काय होणारेय माहितीये? तीस पॉइंटांनी हरणार तुम्ही. तीस. मग आपल्या कॉन्फरन्सचं नाव सांगत दक्षिणेतल्या राज्यांच्या टीमपुढे मिरवायला जाऊ नका. ऐकतोयस ना? की नेहमीसारखा हरायच्या वेळी झोपलायस?"

त्याचा आवाज चढला होता. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तो दचकला. पण थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. तो लाल शर्टावर घसरला, त्यांच्या विद्यापीठाच्या बँडवर घसरला. सिद्धार्थ हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडायचा, तेही बाहेर काढलं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडातून शिव्या. सिद्धार्थ तसाच पडून होता. पापणीसुद्धा हलली नाही.

"एक मिनिट," वेंडी मधेच म्हणाली. टॅब्लेट थोडा हलला. "नीलिमा, मला फक्त मिशिगन एवढंच कळतंय. पण याची नाडी चढतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हे काय बोलतायत? थांबवू का त्यांना?"

अवधूतने बाहीने गाल पुसले.

नीलिमाने स्क्रीनजवळ तोंड आणलं. ती बराच वेळ मॉनिटरवरचे आकडे दिसतात का ते बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "दोघं भांडतायत. भांडू दे."