पहिल्या तीन वर्षांचा आवाज

"डॉक्टर, माझ्या मेंदूत सगळ्यात जास्त कोण बोललंय?" हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी ऋजुताशी पैज लावली होती. हल्ली तिच्याकडे हिंमत पोतंभर होती. शाळेत यंत्र घेऊन आलेल्या बालमानसतज्ज्ञ डॉ. केळुसकरांना तिने सगळ्या वर्गासमोर विचारलंच.

आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत कानावर पडलेलं बोलणं मेंदूत कायमचं घर करतं, आणि हे यंत्र ते पुन्हा ऐकवायचं. ऋजुताला खात्री होती, आईच असणार! पण स्पीकरमधून कोणी अनोळखी बाई लाडाने म्हणाली, "गो बाय माजी, जेवलंस काय?" वर्ग हसला. ऋजुताला मात्र, का कोण जाणे, रडूच फुटलं.

घरी तिने रेकॉर्ड करून आणलेला तो आवाज आईबाबांसमोर लावला, तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या आईचे हात थांबले.

"द्रौपदीमावशी. तुला सांभाळायची. दोन वर्षांची असताना तू तिला 'आई' म्हणालीस आणि मला ते सोसलं नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं तिला."

"मी रडले?"

"आठ दिवस," बाबा म्हणाले. "ती तुला बघायला आली होती. आम्ही दार उघडलं नाही. आता कुडाळला लेकाकडे असते."

"चुकलंच गं माझं," आई पुटपुटली.

ऋजुताने डोळे पुसले. "रविवारी आपण कुडाळला जातोय. बाबा, गाडी तुम्ही चालवायची. आणि आई, त्यांचं दार तू वाजवायचंस."