केशरबाईच्या हाताखाली

"हे काम मी तुला द्यायची न्हाई," केशरबाई म्हणाली आणि पिठाची परात आपल्याकडं ओढून घेतली.

रेणुका ओट्याशी तशीच उभी राहिली. नुकतंच उजाडलं होतं. परभणीतल्या मुलींच्या त्या वसतिगृहात वरच्या मजल्यावर बादल्या वाजत होत्या, खाली स्वयंपाकघरात दोन्ही तवे तापले होते. केशरबाईच्या हाताखाली एक बाई ठेवायची होती, पण रेक्टर मॅडमनी काल स्पष्टच सांगितलं होतं, केशरबाई जिला हो म्हणेल तीच राहील.

"कामून मावशी? मला भाकरी येत न्हाई वाटतं?"

"येत असंल. मला काय त्याचं."

केशरबाईनं पिठात गरम पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. बोटांचे सांधे सुजलेले होते. थोडं मळलं की ती हात थांबवायची, मग पुन्हा सुरू करायची.

"याच हातानं तुमाला वाढलं मी. एकीला तरी तव्याजवळ येऊ दिलं का? आली की हाकलायची, जा, पुस्तक घेऊन बस म्हणून. आन तू एवढ्या वर्षांनी येऊन पदर खोचून उभी राहायलीस."

रेणुका या वसतिगृहात राहून कॉलेजात शिकत होती तेव्हा वीस वर्षांची होती. दिवाळीला गावी गेली आणि तिकडंच लग्न ठरलं. तिची पेटी न्यायला वडील एकटेच आले होते. ती पेटी केशरबाईनंच खाली आणून दिली होती. आता रेणुका अडतिसाची होती आणि जूनमध्ये तिनं त्याच कॉलेजात पुन्हा नाव घातलं होतं.

"दुसरीकडं विचारलं न्हाई असं न्हाई," ती म्हणाली. "कापडाच्या दुकानात गेले, दवाखान्यात गेले. सगळ्यांना दिवसभर बाई पाहिजे. मग कॉलेजला कधी जाऊ? इथं सकाळच्या भाकरी टाकल्या की मी मोकळी. राहायचं, जेवायचं भागतं. पगारातून फी भरता येती."

"घरचे काय म्हणले?"

"हे म्हणले, जा. पोरगं पालमला आजीपशी हाय. सरकारी परीक्षेला बसायला माझं वय अजून चार-पाच वर्षं चालतंय, मावशी. तवर डिग्री पाहिजे."

 केशरबाईचे हात परातीत थांबले होते. रेणुकानं वाकून परात आपल्या बाजूला घेतली. या वेळी केशरबाईनं ती धरली नाही.

रेणुकानं गोळा घेतला, खाली पीठ भुरभुरलं आणि थापायला लागली. पहिली भाकरी कडेला चिरली. दुसरी तव्यावर पडली, पाण्याचा हात फिरला, उलटली आणि जाळावर टम्म फुगली. केशरबाई स्टुलावर बसून बघत होती.

"चांगली जमायली तुला," ती म्हणाली. आवाज मात्र कुणाच्या आजारपणाची बातमी सांगावी तसा होता.

रेणुकानं तिसरा गोळा घेतला.

"तुझा बाप येलदरीच्या धरणावरून मासे आणायचा," केशरबाई मधेच म्हणाली.

रेणुका हसली. "डब्यात. वर मेथीची जुडी ठेवून, मॅडमला कळू ने म्हणून."

"आन मॅडम गावाला गेल्या की मी मागच्या अंगणात चूल मांडायची. वास जाऊ ने म्हणून कडूलिंबाचा पाला जाळायचा. समद्या पोरी खोकून खोकून बेजार."

"खोकायच्या, पण एक बी उठायची न्हाई."

"तू काटे काढून द्यायचीस त्या पालमच्या बारक्या पोरीला. काय नाव तिचं?"

"शिवकन्या. तहसीलमध्ये हाय आता. मोठ्या जागेवर हाय."

केशरबाईनं मान हलवली. मागच्या दाराकडं बघत राहिली. चुलीची जागा आता फरशी घालून बुजवली होती, तिथं मुलींच्या स्कूट्या लावलेल्या होत्या.

"तुझी पेटी लय जड होती," ती म्हणाली. "कपडे दोन-चारच. बाकी समदी पुस्तकंच होती. जिन्यावरून आणताना मला वाटलं होतं, ही येती परत. दोन वर्षं वाटत होतं. मग न्हाई वाटलं."

रेणुका वळून तिच्याकडं बघायला लागली. तव्यावरच्या भाकरीला डाग पडला, तशी तिनं ती घाईनं उलटली.

घंटा झाली. मुली ताटं घेऊन खाली आल्या, ओल्या केसांच्या, कुणाच्या कानात वायर, कुणाच्या हातात वही. जमिनीवरच्या लांब बसकरपट्टीवर ओळीनं बसल्या. रेणुकानं भाकरीची टोपली उचलली आणि वाढायला निघाली.

केशरबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. तिनं टोपली रेणुकाच्या हातातून काढून घेतली.

"हात धू," ती म्हणाली. "उद्यापासून अंधारातच ये, एकटीनं मला होत न्हाई. पण घंटा झाली की इथं थांबायचं न्हाई. ताट घे आन बस तिकडं."

रेणुकानं हात धुतले. पदर सोडून नीट केला आणि ओळीच्या टोकाला जाऊन बसली. शेजारच्या मुलीनं तिच्या मनगटाला लागलेल्या पिठाकडं पाहिलं, मग वाढत येणाऱ्या केशरबाईकडं.

"मावशी, ह्या नव्या मावशी का?"

"मावशी मी हाय," केशरबाई म्हणाली आणि रेणुकाच्या ताटात भाकरी ठेवली. "ही सेकंड इयरला हाय."

मुलगी थोडी सरकून बसली.

"आर्ट्स का?" तिनं विचारलं.