निळा माणूस

फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला आणि कंट्रोल पॅनेलमागच्या गार फरशीवर झोपलेले ऑपरेटर खरात ताडकन उठले.

मागच्या महिन्यात ते इथेच फसले होते. टिपणीस मॅडम नवा थर्मल कॅमेरा घेऊन सबस्टेशन तपासायला आल्या होत्या. त्या कॅमेऱ्यात तापलेलं ते लाल दिसतं आणि गार ते निळं. त्या दिवशी यार्डात एक तापलेला जॉइंट सापडला, आणि पॅनेलमागच्या फरशीवर हातपाय पसरलेला एक लाल माणूस. खरात तेव्हा खुर्चीत ताठ बसले होते, तरीही त्यांच्या अंगाची ऊब फरशीत उरली होती.

"पुन्हा दिसला तर मेमो," एवढंच मॅडम म्हणाल्या होत्या.

आता खरातांना विज्ञान कळलं होतं. त्यांनी माठातल्या पाण्यात फडकं बुचकळलं आणि जिथे डोकं होतं तिथपासून टाचांपर्यंत फरशी मन लावून पुसली. वेळ कमी होता, बाकीची फरशी राहू दिली.

मॅडम आल्या त्या थेट पॅनेलमागे गेल्या. एकेक जोड कॅमेऱ्यातून बघितला. एकही तापलेला नव्हता. मग कॅमेरा खाली वळला आणि तिथेच थांबला. थोड्या वेळाने त्यांनी पडदा खरातांकडे फिरवला. फरशीवर एक निळा माणूस झोपला होता.

"फरशी पुसली, मॅडम," खरात म्हणाले. "स्वच्छता पंधरवडा चालू आहे ना."

"छान," मॅडमनी पेन काढलं. "पण तुमच्याच मापाची?"