दोघींची ड्युटी

वृद्धाश्रमाच्या त्या मजल्यावर बत्तीस जण आणि दुपारपाळीला तीन नर्स. त्या दिवशीही दोघी आल्याच नाहीत, ती एकटीच होती. एका खोलीत आजोबांना धाप लागलेली, शेजारच्या खोलीत एक आजी घाबरून रडत होत्या. आजोबांना ऑक्सिजन लावून ती धावत आजींकडे आली, तर रडणं थांबलेलं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मोठ्या सिस्टर आजींचा हात धरून बसल्या होत्या. एकेकाळच्या हेडनर्स त्या. आता त्या इथेच राहत आणि त्यांना स्वतःच्या मुलाचं नावही आठवत नसे.

"सिस्टर, तुम्ही कशाला उठलात?"

"हिला मी बघते. तू आजोबांकडे जा," त्या दरडावून म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं काम वाटून घेतलं होतं. ती आजोबांकडे परतली. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून मजला सांभाळला.

पाळी संपल्यावर ती पर्स घेऊन निघाली, तर मोठ्या सिस्टर स्वेटर घालून दाराशी उभ्या.

"सुटलो बाई एकदाच्या! चल, बसस्टॉपपर्यंत सोबतच जाऊ."

तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना परत त्यांच्या खाटेपाशी नेलं.