चौघींची नावं

"हा रोबोट या मुलींनी बनवलेला वाटत नाही," गावित बाईंना परीक्षक म्हणाले. "तुम्हीच जोडून दिलाय ना?"

बाईंची कानशिलं तापली. आश्रमशाळेतल्या या चार मुलींना घेऊन त्यांनी तालुक्याची आणि जिल्ह्याची फेरी पार केली होती. पालकांची समजूत, मुख्याध्यापकांच्या सह्या, एसटीची आरक्षणं, सगळं त्यांनीच सांभाळलं होतं. पण स्क्रूड्रायव्हर एकदाही हातात धरला नव्हता. आता विभागीय फेरीच्या तोंडावर संघ बाद होणार होता.

त्या काही बोलणार, तेवढ्यात नववीतली यमुना पुढे आली. तिने रोबोट टेबलावर उलटा केला आणि चाकं, मोटारी, वायरी सुट्या करून परीक्षकांसमोर मांडल्या.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली. "नाहीतर म्हणतील, डोळ्यांनी खुणावलं."

बाई निमूट बाहेर गेल्या. दाराच्या काचेतून त्यांना चौघींच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. मदतीला धावायची सवय असलेले हात त्यांनी पदरात गुंडाळून ठेवले.

अर्ध्या तासाने परीक्षकांनी दार उघडलं. "या आत. पटलं आम्हाला. राहू दे आता, मुलींनो."

"आमचं व्हायचंय अजून, सर," यमुना मान वर न करता म्हणाली.

शेवटची वायर जोडून तिने बटण दाबलं. रोबोट सरळ चालत गेला, चेंडू उचलून परत आला. मग चौघींची नावं तिने आडनावांसकट सांगितली, आणि परीक्षकांचं लिहून होईपर्यंत ती टेबलापाशीच उभी राहिली.