ज्याच्या ताटात पान

बायको गेल्याच्या सातव्या दिवसाची प्रार्थना आटोपली आणि मुलीने वाल्देमीरला चर्चमधून थेट हॉटेलात आणलं. शनिवार म्हणजे त्यांच्याकडे फेजोआदा: काळ्या राजम्याची मांस घातलेली दाट आमटी, सोबत संत्र्याच्या फोडी. “पप्पा, जेवताय ना?” “जेवतोय की.” मीठ आहे की नाही, तेही त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात चमच्यात तमालपत्र आलं. घरोघरी नेम एकच: ज्याच्या ताटात पान, त्याने भांडी घासायची. चाळीस वर्षं तो पान गुपचूप संत्र्याच्या फोडीखाली दडवायचा आणि बायको नेमकी तीच फोड उचलायची. “चोर कुठला. ऊठ, घास भांडी.” आत्ताही हाताने आपसूक पान फोडीखाली सारलं. मग तो वाट बघत बसला. “पप्पा, आणखी वाढू?” मुलीने विचारलं. “नको.” मुलीने फोनमध्ये डोकं घातलं. वेटर आला. “झालं का, साहेब?” वाल्देमीरने संत्र्याकडे पाहिलं. “झालं,” तो म्हणाला. वेटरने फोड उचलली नाही, ताटच उचललं.